विषम तारखा

आज सतरा. म्हणजे माझी पाळी.
सम तारखा मृदुलाच्या, विषम माझ्या.
(एकतीसचा महिना संपताना सलग दोन रात्री माझ्याच येतात
हे ठरवताना लक्षात आलं नव्हतं.)

खोकला दोन वाजून दहाला येतो.
हडर्सफील्डची शेवटची बस तेव्हा डेपोत असते,
चढावरच्या दगडी घरांच्या ओळीत
एकच खिडकी पिवळी, आमची.
आधी कोरडा ठसका, कुणी दार वाजवावं तसा,
मग ढास.
अडीच वर्षांची पाठ माझ्या तळव्याखाली
रिकाम्या डब्यासारखी वाजते.

दिवसा हिला काही म्हणता काही नसतं.
दवाखान्यात सकाळी अकराला
ती खुर्चीवरून उड्या मारत होती,
छाती स्वच्छ, कान स्वच्छ, स्टेथोस्कोप तिलाच हवा.
मी खोटं बोलतोय असं मलाच वाटायला लागलं.
म्हणून एका रात्री फोन तिच्या तोंडाशी धरला.
चार मिनिटं बावीस सेकंद.
खोकणाऱ्या लेकराला पाणी द्यायचं सोडून
पुरावा गोळा करणारा बाप,
तोही त्यात ऐकू येतो :
"थांब हं, जरासं थांब."
डॉक्टरांनी सगळं ऐकलं, मधे एकदाही न बोलता.
मग म्हणाल्या, धूळ. धुळीतले किडे, न दिसणारे,
गादीत, उशीत.

हिचं नाव शाल्मली.
काटेसावर. उन्हाळ्यात बोंडं उकलतात,
कापूस वाऱ्यावर सुटतो, लोक त्याच्या उशा भरतात.
नाव ठेवताना मऊपणा तेवढा आठवला होता.

तेव्हापासून घर उघडंबोडकं.
गालिचा शेडमध्ये. पडदे गेले.
आत्यानं जतहून पाठवलेली दुपटी साठ डिग्रीवर धुतली,
त्यातला वेखंडाचा वास
यॉर्कशरच्या मोरीतून वाहून गेला.
भिंतीवरची बुरशी मी दर रविवारी पुसतो,
ती गुरुवारी परत येते.
कापडी गेंडा फ्रीजरमध्ये झोपतो,
वाटाण्यांच्या पिशवीला टेकून.
"गेंड्याला थंडी?"
नाही गं, त्याची कातडी जाड असते.
तिला पटलं नाही. आपला एक मोजा
त्याच्या पायात चढवला, मगच दार लावू दिलं.

ओव्याचंही सांगायला हवं.
आत्या व्हिडिओवर म्हणाली, तव्यावर शेक,
पुरचुंडी कर, छातीला लाव.
शेकला. धूर झाला. छताचा अलार्म असा किंचाळला
की शाल्मली खोकायचीच विसरली.
तेवढा गुण ओव्याचा.

आता निळा पंप, प्लास्टिकचा नळा, तोंडावर मास्क.
पहिल्यांदा लाथा झाडायची.
आता मी मोजतो, आतली झडप टकटकते
प्रत्येक श्वासाला. एक. दोन. तीन. चार.
पाच तिचा. मास्कच्या आतून, धुक्यातून : "पात."
सहा.
जिन्याच्या पायऱ्या, द्राक्षं, रस्त्यातली कुत्री,
सगळं ती दहापर्यंतच मोजते
आणि मग तोंड पुसते.

पलीकडे मिस्टर हेग. तीस वर्षं लोकरीच्या गिरणीत.
गिरणीचे आता फ्लॅट झालेत,
गिरणी त्यांच्या छातीत राहायला आली.
आमची भिंत सामाईक. हिचा एक ठसका गेला
की तिकडून जाड, ओला, जुना जबाब येतो.
मी माफी मागायला गेलो होतो,
झोपमोड होत असेल म्हणून.
ते म्हणाले, "मला वाटायचं, मीच तिला उठवतो."

पावणेतीन. ती झोपली.
मुठीत माझं बोट आहे म्हणून उठता येत नाही.
टॉर्च तळव्यानं झाकून बघतो,
बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय का,
श्वासात शिट्टी आहे का. नाही.
रेडिएटर कुरकुरतो.
मग भिंतीपलीकडे सुरू होतं,
आणि तिकडे मोजायला कुणी नाही.

एक, मी हळूच म्हणतो. दोन.
तीन. चार.
आणि थांबतो,
ती झोपेत म्हणते का ते ऐकायला.